रानात घेतलेलं नाव

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ज्याच्याबद्दल सांगतेय, तो आत्ता माझ्या स्वयंपाकघरात बसून अळूच्या पानांचं सूप पितोय.

मी क्लेमेन्सिया. डॉमिनिका बेटावर राहते. पाहुण्यांना डोंगर दाखवणं हा आमचा धंदा. सकाळी काळ्या वाळूच्या किनाऱ्यावरून निघायचं, डोंगर चढायचा आणि दिवस मावळायच्या आत पलीकडच्या किनाऱ्यावर उतरायचं. मी सगळ्यांच्या पुढे, माझा धाकटा भाऊ थिओफिल सगळ्यांच्या मागे. मधे पाहुणे.

रानात आम्ही एकमेकांना नावानं हाक मारत नाही. मी "हूऽऽ" करायचं, त्यानं शीळ घालायची. एक लांब, एक आखूड. त्याचा पुढचा दात पडलाय, त्यामुळे शेवटी शीळ फुसकन सुटते. त्यावरून मी त्याला जन्मभर चिडवलंय.

आमची आई म्हणायची, "रानात नाव घेतलं की ते रानाला दिलं. मग परत मागायचं नाही."

आम्ही हसायचो. पण पाळायचो.

ही गोष्ट मागच्या ऑक्टोबरातली. क्रिओल दिन हा आमच्या बेटाचा सण, त्याच्या आदल्या आठवड्यातला मंगळवार. रात्र नव्हती, भर दुपार होती. सोबत शेजारच्या मार्टिनिक बेटावरचं एक जोडपं होतं. नवरा अबोल, बायको दोघांचं मिळून बोलणारी.

निघताना थिओफिलनं नेहमीप्रमाणे वाटेच्या तोंडाशी मातीवर रम शिंपडली.

"डोंगराला थेंबभर आणि तुला बाटलीभर," मी म्हटलं.

"डोंगर काही पाहुण्यांच्या पिशव्या उचलत नाही, ताई."

माथ्यावर एक जागा आहे. आम्ही तिला सुरी म्हणतो. वाट एका माणसापुरती, दोन्ही बाजूंना दरी. तिथे मागचा माणूस पुढच्याला ओलांडून जाऊच शकत नाही. एवढं ध्यानात ठेवा.

आम्ही सुरीवर पोचलो आणि ढग खाली उतरला. स्वतःचे पाय दिसेनात.

मी हूऽऽ केलं. शीळ आली.

थोडं चालून पुन्हा केलं. आली.

मग पुन्हा...

काहीच नाही.

इतका वेळ बेडूक ओरडत होते. तेही थांबले.

"तुमचा भाऊ मागे नाहीये," बाई हळूच म्हणाली. "मघापासून पावलं ऐकू येत नाहीयेत."

मी घसा बसेस्तोवर हूऽऽ केलं. दरीतून माझाच आवाज परत आला. माझ्या डोळ्यांपुढे नको नको ते यायला लागलं. एकुलता एक भाऊ आहे हो माझा. आणि मी...

"थिओफिऽऽल!"

नावानं. पूर्ण नावानं.

"आलो, ताई."

आवाज पुढून आला.

मागून नाही. पुढून. जिथे आमच्यातलं अजून कुणी गेलंच नव्हतं.

ढगातून तो चालत आला. तोच सदरा, तीच टोपी, तोच पडका दात. मी रडले. त्याला शिव्याही घातल्या.

"पुढे कसा गेलास रे तू?"

"आलो ना? मग झालं."

बाई त्याच्या पायांकडे बघत होती. आम्ही तिघं गुडघ्यांपर्यंत चिखलानं माखलो होतो.

त्याचे बूट... कोरडे होते.

डोंगरावरून आलं की उंबऱ्याशी वळायचं आणि पाठमोरं घरात शिरायचं, ही आमच्याकडची रीत. मागोमाग काही आलं असेल, तर ते तोंड बघून परत फिरतं. मी पाठमोरी शिरले. तो सरळ आत आला आणि खुर्ची ओढून बसला.

"रीत विसरलास?"

"कुठली?"

म्हटलं, दमला असेल. मन चिंती ते वैरी न चिंती, तसं माझं होत असेल. पण संशय एकदा घरात शिरला की तो काही पाठमोरा बाहेर जात नाही. मी त्याच्यावर पाळत ठेवायला लागले. जुनंपानं काहीबाही विचारायला लागले.

त्याला सगळं येतं. लहानपणी मी त्याला आंब्याच्या झाडावरून ढकललं आणि त्यात तो दात पडला, हेसुद्धा. उत्तर कधी चुकत नाही.

फक्त जरा उशिरा येतं. कुणाला तरी विचारून आल्यासारखं...

एकदा तो परसात नीरफणस भाजत बसला होता. मी दारातून हूऽऽ केलं. त्यानं मानही वर केली नाही.

"शीळ घाल की रे," मी म्हटलं.

"शीळ कशाला? तू आपली नावानं हाक मार." तो हसला. "मला आवडतं."

त्या दिवसापासून मी माझ्या खोलीला आतून कडी लावते.

डोंगरावर तो आता येत नाही. गुडघा दुखतो म्हणतो. मला जावंच लागतं, पोट कुणाला चुकलंय? गेल्या शनिवारी पाहुण्यांना पुढे घातलं होतं आणि मी शेवटी होते. माझ्या मागे कुणीच नव्हतं. सुरीवर ढग उतरला, आणि सवयीनं माझ्या तोंडून हूऽऽ निघून गेलं.

मागून शीळ आली.

एक लांब. एक आखूड. शेवटी... फुसकन सुटलेली.

मी पुन्हा हूऽऽ केलं. पुन्हा आली. जरा जवळून, आणि फार दमलेली.

तो तिथेच आहे. इतके महिने त्या ढगात फिरतोय, मी बोलवायची वाट बघतोय. मी वळले. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

कुठल्या नावानं मारू? नाव तर मी देऊन बसलेय.

आणि ते नाव घेऊन बसलेला स्वयंपाकघरातून मघापासून विचारतोय...

"ताई, कुणाला सांगतेस गं हे सगळं?"