दोन ट्रॅक्टर मिळून अर्धा

"व्हॅनमध्ये गाढव आहे!" मावशी ओरडली.

"असू दे. चूक कुणाची ते नंतर बघू," मोठे मामा म्हणाले.

"अहो दादा, खरंच गाढव आहे! चार पायांचं!"

मावशी जनावरांची डॉक्टर होती. गाढवाच्या मागच्या पायाला तिनं सकाळीच प्लास्टर घातलं होतं. ते ओलं होऊ द्यायचं नाही असं मालकाला बजावून सांगितलं, आणि मग गाढवाला घरी सोडताना स्वतःच समुद्रातून शॉर्टकट घेतला. म्हणजे ओहोटी होती तेव्हा ती वाळू होती. आता समुद्र व्हायला लागली होती. व्हॅन अर्ध्या चाकांपर्यंत रुतली होती, मागचं दार वाळूत अडकून उघडत नव्हतं आणि मध्ये लोखंडी जाळी असल्यानं पुढून येण्याची सोय नव्हती. गाढव खिडकीतून लाटांकडे बघत होतं. त्याला अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

"घाबरू नकोस," छोटे मामा म्हणाले. "आम्ही दोघं आहोत ना!"

दोन्ही मामा बोटी दुरुस्त करायचे. त्यांच्या आवारात बोट पाण्याबाहेर काढायची एक ठरलेली रीत होती. मधे दोर गुंडाळणारं यंत्र, एक ट्रॅक्टर पार डावीकडे, एक पार उजवीकडे, दोघांचे दोर ताणलेले. चालकानं मान वळवून दोराकडे बघायचं. प्रत्येक ट्रॅक्टरपुढे एक जण लाल फडकं घेऊन उभा. प्रत्येक जोराआधी चालक एकदा पुढे बघणार, आणि जिकडे फडकं तिकडे ट्रॅक्टरचं तोंड करणार. फडक्याशी वाद घालायचा नाही, हा नियम. इथेही दोन्ही मामा एकेका ट्रॅक्टरवर चढून तसेच दोन बाजूंना गेले.

सुट्टीला आलेल्या भाचरांना फडकी मिळाली. निदान पोरं पायात येणार नाहीत, हा हिशोब. एक फडकं फटाक्याकडे. त्याला वाजायला कारण लागत नसे, म्हणून हे नाव. दुसरं त्याच्या धाकट्या बहिणीकडे. तिला सगळे शंका म्हणत. त्यांची ताई अकरावीत जाणार होती, म्हणून तिला 'बाजूला उभी राहा' हे जबाबदारीचं काम मिळालं.

"ओढा!"

ट्रॅक्टर गरजले. दोर टणटणले. व्हॅन जागच्या जागी थरथरली, बस्स. गाढवानं कान हलवले.

"आणखी जोर!"

आणखी धूर झाला.

एवढ्यात छोट्या मामांचा चष्मा चिखलानं भरला. पुसायला ते थांबले, त्यांचा दोर सैल पडला, आणि व्हॅन मोठ्या मामांच्या दिशेनं वीतभर सरकली!

"ताई!" शंका धावत आली. "दोघं ओढतात तेव्हा हलत नाही. एकानं सोडलं की हलते. असं कसं?"

"वारा असेल," छोटे मामा चष्मा लावत म्हणाले.

"मग एकालाच ओढू द्या ना!" फटाका ओरडला.

"डावीकडे खडक आहे, उजवीकडे खड्डा," मावशी कळवळून म्हणाली. "सरळच निघायला हवी. अरे, पाणी दारापर्यंत आलं रे!"

ताई वाळूत गुडघ्यांवर बसली. तिनं सारख्या लांबीच्या दोन काटक्या उचलल्या.

"प्रार्थना करतेयस?" फटाक्यानं विचारलं.

"बेरीज. हा मोठ्या मामांचा जोर. ते ओढतात तिकडे तोंड करून ठेवला. याच्या टोकापासून छोट्या मामांचा, त्यांच्या दिशेनं. आता सुरुवातीपासून शेवटापर्यंत किती उरलं?"

"अर्धी काटकी," शंका म्हणाली. "थोडी जास्त."

"एक अधिक एक अर्धा?" फटाका किंचाळला. "मी हे लिहिलं तर मला वर्गाबाहेर काढतात!"

"दिशा वेगळी असली की नुसते आकडे मिळवून चालत नाही. अकरावीच्या पुस्तकातला हाच धडा वाचता वाचता मी तीनदा झोपले. अरे, आवारात बोट ओढतं कोण?"

"मधलं यंत्र."

"आणि ट्रॅक्टर?"

"बोट कलंडू नये म्हणून..." फटाक्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ताई, ते व्हॅन ओढत नाहीयेत! धरून ठेवतायत!"

"ट्रॅक्टर एकमेकांजवळ आणा!" म्हणत तिघं मामांकडे पळाली. मोठे मामा गरजले, "आजवर एक बोट कलंडली नाही आमच्या हातून! फडकं घेऊन उभे राहा!"

"बरं," ताई म्हणाली. मग भावंडांकडे वळून हळूच, "ऐकलंत ना? फडकं घेऊन उभे राहा. कुठे, ते त्यांनी सांगितलेलं नाही."

पुढच्या जोराआधी फटाका चार पावलं मधे सरकला होता. शंकाही. मामांनी फडकं बघितलं, ट्रॅक्टर वळवले. त्यापुढच्या जोराआधी फडकी आणखी जवळ आली. व्हॅन हातभर सरकली! मामा खूश. दोघांच्या माना मागे, त्यामुळे शेजारी कोण येतंय याचा पत्ता नाही. शेवटी फटाका आणि शंका खांद्याला खांदा लावून उभी राहिली, दोन्ही दोर जवळजवळ जोडीनं ताणले गेले, आणि...

फच्च्!

समुद्रानं व्हॅन सोडली. ती थेट कोरड्या वाळूवर आली. मामांनी माना वळवल्या. दोघांची नाकं एकमेकांपासून हातभर होती.

"तू इथे काय करतोयस?"

"दादा, मी फडक्यामागे आलो!"

मावशीनं दार उघडलं, प्लास्टर चाचपलं. "कोरडं आहे," ती म्हणाली आणि मटकन वाळूतच बसली. मग हसायला लागली ती थांबेचना. गाढव तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभं राहिलं.

ताईनं पुन्हा काटक्या मांडून दाखवल्या. मोठ्या मामांनी वाकून उरलेलं अंतर बोटांनी मापून बघितलं.

"म्हणजे मघाशी आम्ही दोघं मिळून अर्धा ट्रॅक्टर होतो?"

"अर्ध्याला थोडा जास्त, मामा."

"शाब्बास! नियम मोडला नाहीत आणि आमची अक्कलही जागेवर आणलीत," मामांनी तिघांची पाठ थोपटली. मग जरा घुटमळून विचारलं, "जो थोडा जास्त होता, तो माझा ना?"

"तुझा कसा? माझा!" छोटे मामा उसळले.


"दोघांचा!" मावशी डोळे पुसत म्हणाली. "आता भांडायचंय तेवढं भांडा रे बाबांनो. आम्ही सगळे कोरडे आहोत!"