रिकाम्या खुर्चीवरचा चौकोन

आत्याच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "जीव वाचेल, आवाज राहणार नाही."

"मग तोवर मी गप्प बसेन, असं समजू नका," आत्या म्हणाली.

बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. बरोबरचे लोक तिला भोंगा म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. तिचं बोलणं साठवून ठेवायचं हे मी ठरवलं होतं; कशावर, एवढाच प्रश्न होता.

मी कारखान्यांसाठी प्रशिक्षणाच्या फिल्म करते. माझ्याकडे फोटोचा एक चांगला कॅमेरा आहे, त्यावर व्हिडिओही होतो. शिवाय एक जुना कॅमकॉर्डर. फोटोच्या कॅमेऱ्यात माणूस उठून दिसतो, मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं. पण तो तापतो आणि मध्येच आपोआप बंद पडतो. कॅमकॉर्डरचं चित्र सपाट, पण तो न कुरकुरता चालत राहतो.

"ज्यात चांगली दिसेन तो लाव," आत्या म्हणाली. "यापुढे लोक मला नुसतं बघणारच आहेत."

म्हणून फोटोचा कॅमेरा लावला. सकाळचं ऊन होतं. तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं. मागे पडदा, शेजारी एक रिकामी खुर्ची. हा कॅमेरा चेहरा ओळखतो आणि आपल्या छोट्या स्क्रीनवर त्याच्याभोवती पिवळा चौकोन काढतो. फोकस तिथेच राहतो. एका नवरदेवाला तिच्या घोषणेमुळे भलत्याच गाडीत बसवलं गेलं, ती गोष्ट तिने रंगात येऊन सुरू केली.

चौकोन तिच्या चेहऱ्यावरून उठला आणि रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसला. आत्या धूसर झाली.

यंत्रांना ढगातही चेहरे दिसतात, भिंतीवरच्या बटणांतही दिसतात. मला वाटलं, पडद्याच्या चुण्या असतील. पडदा सरकवला. चौकोन तिथेच. मी खुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

परत येऊन पाहिलं, तर चौकोन वर सरकला होता. उभ्या माणसाच्या उंचीवर.

"काय झालं?" आत्याने विचारलं.

"कॅमेरा चुकतोय. तुझ्या शेजारी कुणीतरी आहे असं त्याला वाटतंय."

तिने मान वळवली नाही. "डावीकडे ना?"

बाजू मी सांगितली नव्हती.

"ती खुर्ची परत आण," ती म्हणाली. "उभं राहिलेलं माणूस घाई करतं."

मी खुर्ची आणली. चौकोन खाली आला. तेवढ्यात कॅमेरा तापून बंद पडला, आणि मला बरं वाटलं.

"आत्या, आज राहू दे."

"का म्हणून? घर माझं, घसा माझा, गोष्ट माझी. पाहुणा आला म्हणून मी तोंड शिवून घेऊ?"

मग मी कॅमकॉर्डर लावला. त्याला चेहरे ओळखता येत नाहीत. आत्याला मात्र मी सांगितलं, की हा मध्येच बंद पडत नाही म्हणून.

दुपारभर ती बोलली. नवरदेवाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून, मग हरवलेली मुलं, चुकलेल्या गाड्या, एका ड्रायव्हरने घातलेली मागणी आणि तिने माइक चालू ठेवूनच त्याला दिलेला नकार. आवाज चिरकत होता. पाणी प्यायची, खाकरायची, पुन्हा सुरू व्हायची. मधूनच ती डावीकडे न बघता म्हणायची, "ऐकतोयस ना? आवाज न्यायचा तर नीट ऐकून ने. अर्धवट नेलास तर माझ्याशी गाठ आहे."

मी हसत नव्हते.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा ती थांबली. कॅमेऱ्याकडे जरा वेळ रोखून बघत राहिली.

"ये, माझ्याजवळ बस. खुर्ची आता मोकळी आहे."

मी जाऊन बसले. खुर्चीची पाठ गार होती. आत्याने हात लांब केला आणि तळवा माझ्या गळ्यावर ठेवला.

"हिचा नाही," ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली.

"काय नाही?"

"तू बघ तिकडे. फिल्म चालू आहे."

मला ती माया वाटली. माझे डोळे भरून आले.

ऑपरेशन नीट झालं. आत्या घरी आली, गळ्याला पट्टी, मांडीवर पाटी. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने पाटीवर लिहिलं, 'लाव.'

मी कॅमकॉर्डर टीव्हीला जोडला. तिचा आवाज खोलीभर झाला. नवऱ्या मुलाच्या गोष्टीला आम्ही दोघी हसलो. तिचं हसणं ऐकू आलं नाही, नुसते खांदे हलले.

मग मी तिच्या शेजारी येऊन बसले, तो भाग आला. चौकटीत आम्ही दोघी.

चित्र हळूहळू जवळ येऊ लागलं.

कॅमकॉर्डर स्टँडवर होता. झूमचं बटण कुणी बोटाने दाबून धरल्याशिवाय चित्र जवळ येत नाही. मी खुर्चीत होते. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

आत्या कडेने बाहेर गेली. माझं कपाळ गेलं. डोळे गेले. हनुवटी.

माझ्या गळ्याशी येऊन चित्र थांबलं.

बाजूने आत्याचा हात चौकटीत आला आणि गळा झाकला गेला. "हिचा नाही."

चित्र मागे हटलं नाही. बोटांवर फोकस लागे, सुटे, पुन्हा लागे. फटी शोधत असावा तसा. बराच वेळ.

मग टीव्ही काळा झाला. रेकॉर्डिंग संपलं होतं.

मी उठायला गेले. आत्याने पाटी बाजूला ठेवली, टीव्हीच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि आपला तळवा माझ्या गळ्यावर घट्ट दाबून धरला.