राहून गेलेली पायरी

जिन्याच्या वळणावरची खिडकी उघडी होती, तिनेच घात केला. टाचणीच्या हातातली, ऑफिसने आधीच पाठवलेली बावीस पानं भुर्रकन उडाली आणि अख्ख्या जिन्यावर पसरली. नोकरीचा पहिला दिवस, वेळ गाठायला जेमतेम दहा मिनिटं, आणि ही बसलीय पायऱ्यांवर कागद वेचत! खालून एक उंच तरुण आला. त्याने निमूटपणे अर्धी पानं गोळा केली, तिच्या हातातली अर्धी घेतली, पत्ते लावावेत तशी भराभर लावली आणि गठ्ठा परत केला.

"पानांवर आकडे नाहीत," ती म्हणाली. "क्रम कसा कळला तुम्हाला?"

"मीच लिहिलीत ती."

"अच्छा... म्हणजे आकडे घालायचे राहिले, तेही तुमच्याकडूनच?"

तरुण कानापर्यंत लाल झाला. पण हसला. आणि ते हसू टाचणीला उगाचच चार पायऱ्या पुरलं.

टाचणी हे तिचं घरचं नाव. आई शिवणकाम करायची, आणि मुलगी बोलली की टोचायची, म्हणून टाचणी. त्या तरुणाला ऑफिसात सगळे मास्तर म्हणत. सहा टेबलांचं ते ऑफिस दवाखान्यात नंबर लावायचं अ‍ॅप बनवत होतं. एकदाच लिहायचं आणि दोन्ही जातींच्या फोनवर चालवायचं, असं. पण त्याची एक ओळ लिहिण्याआधी आपलं मशीन तयार करावं लागतं. कुठली साधनं टाकायची, कुठली आवृत्ती घ्यायची, फोन कसे जोडायचे, ते सगळं त्या बावीस पानांत होतं.

"आमचा एक रिवाज आहे," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. "नवा माणूस फक्त कागद वाचून मशीन तयार करतो. कागद लिहिणारा शेजारी बसतो, पण कामाबद्दल ब्र काढायचा नाही. कागदात जे नाही ते तू शोधायचं आणि लाल शाईने भरायचं. शुक्रवारी पाचपर्यंत दोन्ही फोनवर अ‍ॅप उघडलं, तर नोकरी पक्की. मदत घेतलीस तर नाही."

तीन दिवस होते. याआधी चार ठिकाणांहून नकार आला होता. त्यात आईने नोकरी लागल्याचं शेजारणीला आधीच सांगून टाकलं होतं!

पहिल्या दिवशी टाचणीने शहाण्या मुलीसारखं पानामागून पान केलं. दुसऱ्या दिवशी घोडं अडलं. कागदात लिहिलं होतं, 'जावा टाका.' जावा हे त्यातलंच एक साधन, पण त्याची कुठली आवृत्ती, ते नव्हतं. तिने नवी कोरी टाकली आणि सगळंच रुसून बसलं. चार तास गेले. शेवटी प्रकल्पाच्या जुन्या फाइली उकरून तिने आकडा शोधला आणि लाल शाईत असा दाबून लिहिला की मागच्या पानावर उमटला.

"कामाबद्दल नाही बोलत मी," शेजारून आवाज आला. "पण कॉफी आणू?"

"कुठली आवृत्ती?"

मास्तर असा खळखळून हसला की बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. कॉफी आली. बिनसाखरेची. तिला तशीच लागते हे तिने सांगितलं नव्हतं... मग याने पाहिलं कधी? त्या विचारात तिने एक ओळ दोनदा वाचली.

शुक्रवारी दुपारपर्यंत एका फोनवर अ‍ॅप उघडलं. हिरव्या पडद्यावर अक्षरं आली, 'तुमचा नंबर : १.' दुसऱ्या फोनसाठी मात्र कळ दाबली की लालभडक ओळींचा नुसता पूर यायचा आणि सगळं थांबायचं. दोन वाजले, तीन वाजले. चार वाजले. शेजारी मास्तर खुर्चीत चुळबुळत होता. एकदम त्याने कपाळावर हात मारला. काय राहिलं ते त्याला आठवलं होतं! त्याने तोंड उघडलं...

"एक शब्द बोललात तर माझी नोकरी जाईल," टाचणी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

तो उठला आणि तडक बाईंसमोर जाऊन उभा राहिला. "चूक माझ्या कागदात आहे. तिला एक दिवस वाढवून द्या."

टाचणीला राग आला. खूप आला. आणि त्या रागाच्या पोटात काहीतरी गोडही होतं, त्याचा तिला जास्त राग आला.

"माझी वकिली करायला कोणी सांगितलं होतं? दिवस नको मला. बसा जाग्यावर!"

मास्तर येऊन बसला. टाचणीला आई आठवली. शिवण कुठे उसवली ते सापडेना की आई टोकापासून बोट फिरवत यायची, टाका टाका चाचपत. टाचणीनेही लाल ओळींवर बोट ठेवलं, पहिल्या ओळीपासून. त्रेचाळिसाव्या ओळीत ते होतं. साधनं वापरण्याचे करार अजून मान्य केलेले नाहीत, म्हणून काम थांबवलं. बस्स, एवढंच! मास्तरने तीन वर्षांपूर्वी एकदाच मान्य केले होते आणि साफ विसरला होता.

मशीनने एकेक करार पुढे ठेवला. असे सात होते.

"नुसतं होय होय म्हणत सुटतात सगळे," पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी पुटपुटलं.

"मी वाचल्याशिवाय होय म्हणत नाही," टाचणी म्हणाली, आणि तिने सातही वाचले.

पाचला सहा मिनिटं असताना दुसऱ्या फोनवर हिरवा पडदा उजळला. 'तुमचा नंबर : १.' तिने दोन्ही फोन बाईंच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. बाईंनी बावीस पानांतल्या पहिल्या पानावर बोट ठेवलं. तिथे मास्तरच्या सहीखाली तिच्या सहीची जागा होती, म्हणजे नोकरी पक्की. टाचणीने सही केली. मान ताठ होती. एवढी ताठ की आईने पाहिलं असतं तर शिलाई मशीनवरचा पाय थांबवला असता. अभिमान वाटला तिला स्वतःचा, अगदी उघडउघड.

निघताना जिन्याच्या त्याच वळणावर मास्तरने गाठलं.

"मला जे पाठ असतं ना... ते सांगायचं राहूनच जातं. तीन दिवस शेजारी बसलो, गप्प. आणि एक गोष्ट पाठ झालीय."

"कोणती?"

"तू."

टाचणीच्या काळजाचा ठोका चुकला. पण ती टाचणी होती.

"लिहून आणा. सांगितलं ना, वाचल्याशिवाय होय म्हणत नाही. आणि पानांवर आकडे घाला!"

सोमवारी तिच्या टेबलावर पानं होती. सात. प्रत्येकाच्या कोपऱ्यात ठळक आकडा. तिने पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत सावकाश वाचली. पहिल्या पानावर बिनसाखरेची कॉफी होती, पाचव्यावर तिचा तो राग, आणि सातव्यावर आयुष्यभर शेजारी बसायची परवानगी मागितली होती, या वेळी बोलायच्या मुभेसह. शेजारच्या खुर्चीत मास्तर श्वास रोखून बसला होता.

तिने लाल पेन उघडलं, शेवटच्या ओळीखाली काहीतरी लिहिलं आणि पान त्याच्याकडे सरकवलं.

'वाचलं. मान्य. पण एक पायरी राहिलीच की रे... माझ्या आईला कधी भेटतोस?'