आत माणूस हाय

जवळ सरका, लाईट येईस्तोवर सांगते. लोक म्हणतात, हिला दुसऱ्याच्या घरात डोकवायची खोड. आहे. पण त्या दिवशी मी गेले होते ती नुसता तुंबलेला संडास मोकळा करायला.

आमच्या कोल्हारला भिंतीपलीकडे अमृत राहतो, अन् त्याची बायको रुपाली. त्याची आई झुंबरबाई उन्हाळ्यात संडासातच वारली. चक्कर आली म्हणे. अंगणाच्या कोपऱ्यातला तो पत्र्याचा संडास, त्याला आतून कडी कधीच नव्हती. कुणी जवळ आलं की आतल्यानं खाकरायचं, बाहेरच्यानं माघारी फिरायचं, ही रीत. ती गेली त्या दुपारी मी तिचं खाकरणं ऐकलं होतं. बराच वेळ. म्हटलं, पोट बिघडलं असेल म्हातारीचं.

दहाव्यानंतर तो संडास तुंबला. काठोकाठ पाणी. रुपाली बादली घेऊन आमच्याकडे यायला लागली.

"अगं, माणूस बोलव की साफ करायला."

"ह्ये नको म्हंत्यात, काकू."

नको? स्वतःच्या दारातली घाण कुणाला हवीशी वाटते? माझ्या डोक्यात किडा वळवळला. सासू-सुनेचं पटत नव्हतं, हे सगळ्या आळीला ठाऊक.

अमृत राहात्याच्या बाजाराला गेला, तशी मी काठीला चिंध्या गुंडाळल्या, वरून प्लास्टिकची पिशवी आवळली, अन् गेलेच. रुपाली आडवी आली.

"काकू, नगा... पाया पडते."

तिला बाजूला सारून मी आत शिरले. भरदुपारी आत अंधार. तापलेला पत्रा, कुबट वास. काठी दाबली, ओढली. पाणी नुसतं डुचमळलं. पुन्हा दाबली, तर खाली खट् वाजलं. हाताला पिशवी बांधून हात खोल घातला... आणि निघाली एक लोखंडी कडी. स्क्रूसकट. पाणी गडगडत खाली गेलं.

मी दाराकडे पाहिलं. दाराच्या बाहेरच्या अंगाला स्क्रूची चार भोकं. म्हणजे कडी होती, पण बाहेरून. म्हणजे त्या दुपारचं ते खाकरणं...

तेवढ्यात दार लोटलं गेलं.

"रुपाली, चेष्टा नको हं!"

"म्या न्हाई लावलं, काकू! त्याला कडीच न्हाई!" बाहेरून ती दार ढकलत होती. दार हलेना.

माझ्या पाठीमागं कुणीतरी खाकरलं. हळूच. आत माणूस आहे, असं सांगतात ना, तसं.

मागं वळायची छाती झाली नाही.

"रुपाली... कुणी कोंडलं गं तिला? तू?"

बाहेर ती हुंदके देऊ लागली. मग म्हणाली, "ह्यांनी! जमिनीच्या कागदावर अंगठा दे, मगच उघडतो म्हनले... मी कडी काढाया गेल्ते, तर मला मारून घरात डांबलं... त्या गेल्यावर कडी उचकटून हितंच टाकली... मला बी मारून टाकतील, काकू!"

तिचं बोलणं संपलं अन् दार अलगद उघडलं.

रुपालीला मी माझ्या घरी आणलं. कडी पिशवीत गुंडाळून पिठाच्या डब्यामागं ठेवली. सकाळी पोलीस पाटलाकडे जायचं ठरलं. रुपाली माझ्यासमोर बसून तांदूळ निवडत होती. एकदाही उठली नाही, हे मी शपथेवर सांगते.

दिवेलागणीला अमृत आला. भिंतीपलीकडून ओरडला, "ह्यो कुनी मोकळा केला गं?"

त्याची पावलं कोपऱ्याकडे गेली. दार करकरलं. मग खट्.

मग तो दारावर थापा मारू लागला.

आम्ही धावलो. दाराला बाहेरून तीच कडी लागलेली होती. चारही स्क्रू घट्ट, अन् कडीवरून पाणी निथळत होतं. आत अमृत ओरडत होता, मग ओरडण्याचा खोकला झाला. खोकला थांबला की मधेच दुसरं कुणीतरी खाकरायचं. निवांत.

मी कडीला हात घातला. रुपालीनं माझं मनगट धरलं. तिचा हात थंडगार होता.

"नगा काकू," ती हळूच म्हणाली. "खाकरत्यात ना? आत माणूस हाय. आपन थांबायचं असतं."