शंभरावा मुलगा

शंभर मुलींचे फॉर्म कधीच भरून झाले होते. मुलगे मेले नव्व्याण्णववर अडून बसलेले. रेडिओ, टीव्ही, मोबाइल मुलांना कसे वाटतात आणि मुलींना कसे, हा माझ्या प्रबंधाचा विषय, आणि तो पंधरा दिवसांत द्यायचा होता. ग्रंथालयाच्या जिन्यात हा समोरून आला, तशी मी सरळ वाटच अडवली.

"एवढा फॉर्म भराल... प्लीज?"

त्यानं वरची सूचना मोठ्यानं वाचली. "संशोधकाच्या जवळच्या व्यक्तींनी भरू नये. मी नाही ना जवळचा?"

"आज पहिल्यांदाच बघतेय तुम्हाला."

"बरं. मग एक जादा द्या. माझी खाडाखोड फार होते."

पायरीवर बसून त्यानं फॉर्म भरला. खाडाखोड एकही नाही. कोरा फॉर्म परत मागायचं मला सुचलंच नाही.

घरी उत्तरं वाचली आणि कपाळाला हात लावला. मुलगे एकेकटे बघतात-ऐकतात, मुली कुणाला तरी सोबत घेऊन, असा माझा छान निष्कर्ष निघत होता. आणि यानं लिहिलेलं, 'रोज सकाळी रेडिओ. आईसोबत, फोनवर. ती तिकडे लावते, मी इकडे.'

दुसऱ्या दिवशी त्याला गाठलंच. "चेष्टा केलीत ना? मुलगे असं लिहीत नाहीत."

"लिहीत नसतील. करतात पुष्कळ. खोटं वाटत असेल तर उद्या सकाळी या ऐकायला."

गेले. मग रोजच जायला लागले. एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. "आज निवेदकाला सर्दी झालीय रे," आई तिकडून सांगायची आणि तो गालातल्या गालात हसायचा. मी ऐकत कमी होते, बघत जास्त. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंही नाही.

प्रबंध द्यायच्या आदल्या दिवशी मात्र मला राहवेना.

"तुझा फॉर्म काढावा लागेल."

"का? खोटं काय लिहिलंय मी?"

"खरंच आहे सगळं. पण... वरची सूचना."

माझे कान तापले. मुलगे पुन्हा नव्व्याण्णव, वेळ एका दिवसाचा, आणि मी हे काय बोलून बसले...

त्यानं बॅगेतून एक घडी केलेला फॉर्म काढला. त्याच्या रूममेटनं भरलेला. 'मालिका. आजीसोबत, फोनवर.' माझा निष्कर्ष पुन्हा बोंबलला. खाली तारीख होती, जिन्यातल्या त्या दिवसाची.

"तेव्हाच भरून घेतलास?"

"माझा बाद होईल असं वाटलं," तो म्हणाला. "म्हणजे... व्हावा, असं वाटलं."