खालच्या रस्त्यावरचा शंख

जेवणं आटोपली, कोकोचे पेले रिकामे झाले, तसे एसेकिया आबा खांबाला पाठ टेकून बसले. पोरं सरकत सरकत जवळ आली.

"ही भुताची गोष्ट माझ्या भाच्याची. आपेलूची. खोटं वाटलं तर उद्या त्यालाच विचारा."

"आपेलूला कसलं भूत भेटतंय, आबा! त्याला बघून भूतच माडावर चढेल," एक पोरगा म्हणाला.

"हसा. तोही असाच हसायचा," आबा म्हणाले, आणि सांगू लागले.

गेल्या ऑगस्टातली चौदा तारीख, गुरुवार. आपेलूला एकच काम होतं, सहा वर्षांच्या लूपेला दवाखान्यात न्यायचं. पोरीला तीन दिवस ताप. दुपारपर्यंत पेज तरी पोटात ठरत होती, चारनंतर पाणीही ठरेना. आणि त्या दिवशी मेलं सगळंच आडवं आलं. गाडीची बॅटरी बसलेली. आपेलूनं गाडी ढकलली, उतारावरून सोडली, बॉनेटवर बुक्क्या मारल्या. ढिम्म. शेवटची बस निघून गेलेली. फोनला रेंज नाही.

"पाद्रीबाबांची व्हॅन आहे ना," बायको साईली म्हणाली. "आता शंख वाजेल. प्रार्थना झाली की ते लगेच निघतील. दहा मिनिटं थांबा."

"दहा मिनिटं! पोरगी भाजून निघतेय आणि मी डोळे मिटून बसू?"

"माझा जीव काय थाऱ्यावर आहे? पण सकाळपासून तुम्ही एकटेच झुंजताय. काय झालं त्यानं? एकदा देवावर सोडून तर बघा."

"नारळाची दोन पोती मी एका खांद्यावर नेतो. ही तर पाखराएवढी आहे. तुझ्या देवाला हात आहेत का उचलायला?"

असं म्हणून त्यानं लूपेला उचललं नि खालच्या रस्त्यानं निघाला. साईली मागून ओरडली, "मी व्हॅन घेऊन येते!" त्यानं वळूनही पाहिलं नाही.

खालचा रस्ता समुद्राकाठचा, जवळचा. पण समुद्राची मोठी लाट माणसं घेऊन गेली, तेव्हापासून तिथं कुणी राहत नाही. गाव वर डोंगराकडे सरकलं. खाली उरले ते घरांचे दगडी ओटे आणि बिनछपराचं चर्च. आपेलू तिथं पोचला तेव्हा सहा वीस झाले होते. अंधार पडत होता.

शंख वाजला.

आपल्याच गावचा असेल, असं म्हणून तो चालत राहिला. पण आवाज... समुद्राकडून आला होता.

मग रस्त्याच्या कडेला माणसं दिसली. शंख वाजला की कुणी रस्त्यानं चालू नये, बसून प्रार्थना करावी, म्हणून आपली पोरं पहाऱ्याला उभी राहतात, तशीच. अंतराअंतरावर एकेक. कमरेला लावालावा गुंडाळलेली, हात मागे बांधलेले.

"कुठं चाललास? शंख ऐकला नाहीस? बस खाली."

"पोरगी आजारी आहे. वाट सोडा."

"बस."

"अरे, डोळे फुटले का तुमचे? बघा तरी हिच्याकडे!"

"बस."

आपेलूनं समोरच्याला खांदा मारला. खांद्याला काही लागलंच नाही. बाजूला झाला असेल, म्हणून तो तसाच पुढे घुसला. चर्चच्या पायऱ्या मागे टाकल्या. वळण घेतलं. पुढे...

चर्चच्या पायऱ्या.

त्यानं शिवी हासडली. पळत सुटला. वळण. पायऱ्या. पुन्हा वळण. पुन्हा त्याच पायऱ्या. लूपेचा श्वास कानाशी शिट्टीसारखा वाजत होता. तो रडकुंडीला आला होता, रागानं. एवढं अंग देवानं दिलं, आणि एक वळण ओलांडता येईना!

पायऱ्यांपाशी त्यानं पळणं थांबवलं.

तो बसला.

लूपेला मांडीवर घेतलं. डोळे मिटले. भोवतालच्या ओट्यांवरून गाणं सुरू झालं. बायकांचे आवाज. म्हाताऱ्यांचे. लहान पोरांचेही...

मग मांडीवरचं ओझं हललं.

हलकं झालं.

कुणीतरी लूपेला उचलत होतं.

आबा इथं थांबले. एकजण पुटपुटला, "मग त्यानं धरलं नाही तिला?"

"हात उचलला होता त्यानं," आबा म्हणाले. "धरलं असतं... पण सकाळपासून त्याच हातांनी काय झालं होतं?"

त्यानं हात खाली ठेवले. "देवा," तो म्हणाला, "माझ्यानं होत नाही. तूच घे."

मांडी रिकामी.

किती वेळ... त्याला सांगता येत नाही.

शंख पुन्हा वाजला. गाणं थांबलं. मांडीवर ओझं परत आलं. डोळे उघडले तर समोर व्हॅनचे दिवे, आणि साईली धावत येत होती. आजूबाजूला नुसते ओटे.

रात्री दवाखान्यात सलाईन लागलं. पहाटे लूपेनं पाणी मागितलं. प्यायली, आणि ते ठरलं.

नर्सबाई उशी सारखी करत होत्या. म्हणाल्या, "एवढ्या आजारातही केस किती छान ठेवलेत! वेणी कुणी घातली?"

तीन दिवस लूपे डोक्याला हात लावू देत नव्हती. केसांचा नुसता गुंता झाला होता.

साईलीनं पोरीच्या मानेखाली हात घातला. घट्ट, चापूनचोपून घातलेली वेणी. टोकाला केवड्याच्या पानाची पट्टी बांधलेली.

आणि तेल अजून ओलं होतं.