येताना येतो

ही गोष्ट खरी आहे. ज्यांच्या बाबतीत घडली ते विर्यात्मो आयुष्यभर शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं सांभाळत बसले. थाप मारायलाही थोडं धाडस लागतं. ते त्यांच्यापाशी कधीच नव्हतं.

त्यांच्या जाडजूड शब्दकोशाच्या पानांत एक पत्र होतं. कित्येक महिने तसंच पडलेलं. उत्तर न दिलेलं.

उघडलं की घडीतून बारीक करडी राख सांडायची. ते झटकून पुन्हा घडी घालत.

पुढच्या वेळी उघडलं की... पुन्हा राख.

हे सगळं सुरू झालं जावा बेटावरच्या मेरापी डोंगरावर, सेलो गावाकडून वर जाणाऱ्या वाटेवर. जावाच्या पंचांगात भुताखेतांची मानलेली क्लिवोन शुक्रवारची रात्र होती. अशा रात्री शहाणी माणसं उंबरठा ओलांडत नाहीत.

पण विर्यात्मोंचा मेहुणा जुमेरी पोटासाठी लोकांना सूर्योदय दाखवायला वर न्यायचा. त्याला वार परवडत नव्हते.

"दाजी, ज्वालामुखीवरची पुस्तकं वाचून म्हातारे झालात. आता एकदा डोंगर तरी बघा."

"मला झेपेल का रे? गुडघे..."

"गुडघे ठेवा इथंच. ताई सांभाळेल."

तुमिरा, म्हणजे विर्यात्मोंची बायको, पदराआड हसली. मग नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. तसं ते त्यांना कधीच, कुणालाच जमलं नव्हतं.

चढताना जुमेरीने बजावलं, "वर स्फोटबिट काही बोलायचं नाही. डोंगराला आजोबा म्हणायचं. ते खवळले तर म्हणायचं, आजोबांकडे कार्य आहे."

"आणि त्यात माणसं गेली तर?"

"कार्याला मदतीला गेली म्हणायचं. पुस्तकात नाही का लिहिलं, दाजी?"

झाडी संपली. सुटे दगड लागले. गंधकाच्या वासाने घसा खवखवत होता. जुमेरीची बॅटरी पुढे हलत होती. विर्यात्मो धापा टाकत मागे पडले.

आणि एकाएकी... वास थांबला.

वाराही थांबला.

जुमेरीची पावलं ऐकू येईनात.

डाव्या हाताला एक झोपडी होती. दारात चुलीपाशी एक म्हातारी बसली होती. लाकडं पेटलेली होती, पण धूर... धूर अजिबात नव्हता. आत अंधारात बऱ्याच बायका काम करत असाव्यात. नारळ खवल्याचा आवाज येत होता. बोलण्याचा मात्र नाही.

"या, बसा. चहा घेऊन जा," म्हातारी म्हणाली.

जावात दारावरून जाणाऱ्या कुणालाही असं म्हणतात. कुणी खरंच आत जात नाही. त्याचं उत्तर लहान पोरालाही पाठ असतं.

"येताना येतो, आजी," विर्यात्मो सवयीने म्हणाले.

"नक्की?"

ते गडबडले. असं कुणी विचारत नाही. या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं नव्हतं.

"हो... नक्की."

"घरच्यांनाही आणा."

"हो, हो. आणतो ना."

दोन पावलं पुढे गेले, तोच गंधकाचा वास पुन्हा नाकात शिरला. जुमेरी हाताच्या अंतरावर उभा होता.

"दाजी, झोपलात की काय उभ्या उभ्या?"

सूर्योदय अप्रतिम झाला. आधी ढगांची कड तांबडी झाली, मग विवरातून वर येणारी वाफ गुलाबी झाली, आणि आजोबांची लांबच लांब सावली मागच्या ढगांवर त्रिकोणासारखी पडली. विर्यात्मोंचे डोळे भरून आले. इतकी वर्षं आपण हे नुसतं वाचत बसलो, असं त्यांना वाटलं.

"उतरताना त्या आजींकडे चहा घेऊ," ते खुशीत म्हणाले.

जुमेरी सिगारेट वळत होता. त्याचा हात थांबला.

"कुठल्या आजी?"

"झाडी संपली तिथल्या. झोपडीतल्या."

"तिथं झोपडी नाही, दाजी. तिथं वातुसिगर वाडी होती. मी लहान असताना आजोबांकडे कार्य झालं, तेव्हा..." त्याने सिगारेट खाली ठेवली. "अख्खी वाडी मदतीला गेली."

मग हळूच विचारलं, "तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

विर्यात्मोंनी सांगितलं. सगळं सांगितलं.

या वेळी जुमेरीने चेष्टा केली नाही. त्यांचं मनगट धरून तो त्यांना भलत्याच घळीतून खाली घेऊन निघाला. मध्येच धुकं दाटलं. आणि कड्याच्या पलीकडून, जिथे ती वाट होती तिथून, हाक आली...

"पाक विर्यो... चहा निवतोय..."

पाक विर्यो म्हणजे विर्यात्मोकाका; पण त्यांनी म्हातारीला नाव सांगितलं नव्हतं. जुमेरी तर त्यांना दाजीच म्हणत होता.

नंतर ते पत्र आलं. पाठवणाऱ्याच्या जागी फक्त 'वातुसिगर' लिहिलं होतं.

'येताना येतो म्हणाला होतात. आमच्याकडचं कार्य जवळ आलंय. हातांची गरज आहे. कळवावे.'

"सरळ नाही म्हणून लिहा," जुमेरी म्हणाला. "गोडगोड नको. ते तुमच्या शब्दावर विसंबून बसलेत."

विर्यात्मोंनी हो म्हटलं आणि पत्र शब्दकोशात ठेवलं. त्यांनी आजवर कुणाचं लग्नाचं बोलावणंसुद्धा 'बघतो, जमवतो' यापलीकडे नाकारलेलं नव्हतं.

यंदा मेरापी पुन्हा धुमसू लागला. कौलांवर राख दिसू लागली.

एका पहाटे तुमिरा म्हणाली, "कुणाकडे कार्य आहे हो? मुसळांचे आवाज येतायत."

विर्यात्मोंना काहीच ऐकू येत नव्हतं.

पुढे एकदा म्हणाली, "आज नारळ खवतायत. किती बायका आहेत, बाई!"

आणि मग एका पहाटे त्यांना जाग आली, तेव्हा शेजारचं अंथरूण रिकामं होतं. पुढचं दार उघडं. तुमिरा उंबऱ्यावर उभी होती, केस घट्ट बांधलेले. काखेत फडक्यात गुंडाळलेली खवणी आणि सुरी. आमच्याकडे कार्याच्या घरी मदतीला जाताना बायका आपली खवणी आपणच नेतात.

"कुठं निघालीस?"

"मदतीला. बोलावलंय ना."

"कुणी... कुणी बोलावलं?"

"असं काय करता?" ती लाडात हसली. "तुम्हीच नाही का हो म्हणून आलात?"

डोंगरावरचं एक अक्षरही त्यांनी तिला सांगितलेलं नव्हतं.

त्यांनी तिला आत ओढलं, कडी घातली, खवणी काढून घेतली. शेजारणीला तिच्यापाशी बसवलं आणि लिहायला बसले. लिहायचे, खोडायचे. हे फार तोडून होतंय का, त्यांना राग येईल का... पण खोलीतून तुमिरा विचारत होती, "उशीर नाही ना होत आपल्याला?"

शेवटी लिहिलं. 'मी येणार नाही. माझी बायको येणार नाही. आजही नाही, पुढेही नाही. आमची वाट पाहू नका.'

आयुष्यातलं पहिलं 'नाही'. ते पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. मग पत्र संपवलं, सही केली, पाकीट चिकटवलं आणि जवळजवळ पळतच पोस्टाच्या पेटीपाशी आले.

पाकीट फटीतून आत सरकलं.

सुटलो, त्यांना वाटलं. पाकीट तळाशी पडल्याचा आवाज ऐकायला ते थांबले.

आवाज आला नाही.

ते तसेच उभे राहिले. उभ्या उभ्या पत्र मनात पुन्हा म्हणू लागले. काही चुकलं तर नाही ना? येणार नाही... बरोबर. बायको येणार नाही... बरोबर. वाट पाहू नका... बरोबर.

आणि मग सहीच्या वरची ओळ आठवली. प्रत्येक पत्रात हात आपोआप लिहितो ती. त्यांनी न वाचताच लिहिलेली.

'इकडे आलात तर घरी जरूर या. सगळ्यांनी या.'